उपकारस्तुती करून मोडली

वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीत साक्षींची उपासना असते. दहाच्या सुमारास सुरू होते, बारा वाजता सगळे गुडघे टेकतात, मग एकमेकांना सलाम करून, चहा-केक घेऊन लोक घरी जातात. मधल्या वेळात ज्याला देवाचे उपकार सांगायचे असतील त्याने उभं राहायचं. मुलीला नोकरी लागली. आईच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. रखडलेल्या फ्लॅटचा ताबा मिळाला. नातवाचा व्हिसा आला. प्रत्येक साक्षीनंतर कोणीतरी कोरस धरतं, ढोलकी वाजते आणि पुढचा उठतो. मला ही उपासना मनापासून आवडते. ज्यांना आपण वर्षभर फक्त रविवारच्या कपड्यांत पाहतो, त्यांच्या घरातली खरी काळजी त्या रात्री कळते.

पण माझं आयुष्य वॉर्डात गेलं, त्यामुळे असेल, नजर न उठणाऱ्यांकडे जाते. ज्यांना नोकरी लागली नाही, ज्यांचं ऑपरेशन नीट झालं नाही, ज्यांनी याच वर्षी कोणाला तरी मातीत ठेवलं, तेही मागच्या बाकांवर बसून टाळ्या वाजवत असतात. २०२१ च्या डिसेंबरात अशी माणसं फार होती. पाळकसाहेबांनी साक्षींना वेळ दिला, तरी बराच वेळ कोणी उठेना. शेवटी एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांची पत्नी गेली होती. दफनाला त्यांना जाताही आलं नव्हतं. ते म्हणाले, "मला आज देवाचे आभार मानायचेत. कशाबद्दल ते कृपा करून विचारू नका." आणि खाली बसले. त्यानंतर कोणी कोरस धरला नाही, आणि ते बरंच झालं.

तेव्हापासून मी त्यांच्या त्या बोलण्याशी झगडते आहे. आभार कशाबद्दल, हे ज्याला सांगता येत नाही, त्याचे आभार खोटे असतात का? मला तर त्या रात्रीच्या सगळ्या साक्षींमध्ये तीच सर्वांत ख्रिस्ती वाटली.

येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होतो, त्या वेळी वाचले जाणारे शब्द आम्हाला लहानपणापासून पाठ असतात. ज्या रात्री येशूला धरून दिलं, त्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, ती मोडली आणि शिष्यांना दिली. पाठ असलेल्या गोष्टीकडे आपलं लक्ष राहत नाही. ती रात्र कसली होती? पंक्तीला बसलेल्या एकाने चांदीची तीस नाणी आधीच घेतली होती. दुसरा, कोंबडा आरवायच्या आत, तीन वेळा 'मी याला ओळखत नाही' म्हणणार होता. उरलेले अंधारात पळून जाणार होते. हे सगळं ठाऊक असताना तो भाकर हातात घेतो आणि आपल्या बापाचे आभार मानतो. संकट टळलं म्हणून मानलेले हे आभार नव्हेत, कारण संकट टळणारच नव्हतं.

येशूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं, त्या वेळीही असंच आहे. येशूचं चरित्र लिहिणारा योहान सांगतो की त्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या. समोर पाच हजार पुरुष. आंद्रिया हा शिष्य सरळ विचारतो, इतक्यांना हे काय पुरणार? येशू लोकांना गवतावर बसवतो, आणि जे उघड-उघड अपुरं आहे त्याबद्दल आभार मानून वाटायला लागतो. बारा टोपल्या उरल्यानंतर त्याने आभार मानल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ते आधीच मानून झाले होते.

माझ्या श्रद्धेचा गाभा मला विचाराल तर तो इथे आहे. आधी आभार, लगेच मोडणं, आणि या दोहोंच्या मध्ये 'पुरेल ना?' याची खात्री करून घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

हे मला सर्वप्रथम शिकवलं ते माझ्या पणजीने, आणि तेही न बोलता. पणजी छप्पनच्या दुष्काळातलं लेकरू. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्याच्या आधी १८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेला होता. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच हा आला. आई-बाप कसे गेले हे तिला आठवत नव्हतं. चुलत्याने खांद्यावर बसवून नगरला आणलं आणि मिशनच्या अनाथालयात ठेवलं, एवढं आठवत होतं. आणि तिथे पहिल्या दिवशी मिळालेल्या कण्या. त्या कण्यांत मीठ होतं, हे ती म्हातारपणीसुद्धा सांगायची. मीठ घातलेलं अन्न तिने कितीतरी दिवसांत खाल्लं नव्हतं.

शाळेत असताना एका मुलीने मला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुम्ही पोटासाठी बाटलेले." मी रडत घरी आले. पणजी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "व्हय, पोटासाठीच. मंग? पोट देवानं केलं न्हाई का?"

या उत्तराची किंमत मला फार उशिरा कळली. अध्यात्म म्हणजे पोटाच्या वरच्या मजल्यावरची गोष्ट, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे, आणि ती बहुतेक वेळा भरल्या पोटीच मांडली जाते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मात्र रोजची भाकर पापांच्या क्षमेच्याही आधी मागायची असते. भुकेल्या पोरीला कोणी खाऊ घातलं, आणि त्या घासामागे कोण आहे हे शोधत ती देवापाशी पोचली, तर तिचा रस्ता एखाद्या शास्त्र्याच्या रस्त्याहून हलका कसा ठरतो?

आणि शास्त्र्याच्याच घरातली एक बाई याच रस्त्याने गेली होती. पंडिता रमाबाई. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण. संस्कृतचं अफाट पाठांतर असलेली ही मुलगी भावाबरोबर पायी देश फिरली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि तरुण विधवा गोळा करून घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्तिसदन उभं राहिलं ते त्यातून. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या, आणि तिथल्या रहिवाशांचा आकडा हजाराच्या पुढे गेला. अंध मुलींसाठी तिथे वेगळं घर होतं, वृद्धांसाठी वेगळं, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळं. शेती, विणकाम, छापखाना होता. इतक्या तोंडांना रोज घालायचं तर उद्याच्या धान्याची खात्री किती दिवस असेल?

रमाबाईंबद्दल पुष्कळ लिहिलं जातं: त्यांची विद्वत्ता, त्यांच्या धर्मांतरावरून उठलेलं वादळ, त्यांनी एकटीने तडीस नेलेलं बायबलचं मराठी भाषांतर. मला मात्र राहून राहून त्या प्रवासाचं नवल वाटतं. ज्या भुकेने आपली आई नेली, त्याच भुकेच्या मुलखात ती बाई आपणहून परत गेली. देवाने मला वाचवलं, असं म्हणून ती घरात बसू शकली असती.

पणजीचं काम त्यामानाने एवढंसं. जात्यावर दळायला बसली की पहिली मूठ ती वेगळ्या मडक्यात टाकायची. शनिवारी ते मडकं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये जायचं आणि तिथून ज्या घरात चूल पेटली नसेल त्या घरात. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. गावातली सगळी मोठी माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायचा, तो तांबडा, परदेशी जोंधळा; त्याची भाकरी नीट थापली जायची नाही आणि घशाखाली उतरायची नाही. त्या मिलोचीही पहिली मूठ पणजीने मडक्यात टाकली. आई कुरकुरली, "आजी, आपल्यालाच पुरंना." पणजी म्हणाली, "पुरतंय तवा टाकली तर ती मूठ कसली?"

आमचा गाव नेवासे तालुक्यातला. इकडच्या मंडळ्यांमध्ये सुगी झाली की पिकांची उपकारस्तुती असते. त्या रविवारी देवळाला घरातल्या कणगीचा वास येतो. वेदीपुढे जोंधळ्याच्या पेंढ्या, गहू-हरभऱ्याची गाठोडी, भोपळे, कांद्याच्या माळा, कोणाची पाय बांधलेली कोंबडी, कोणी पहिल्या वेताच्या शेळीचं दूध आणलेलं. टाळ-मृदंगावर भजनं होतात. उपासना झाली की बाहेर पिंपळाखाली लिलाव. एक वार, दोन वार, तीन वार! कोणाच्या तरी एका लिंबाची बोली अशी चढते की त्या पैशात टोपलीभर लिंबं यावीत. घेणाऱ्याला लिंबू नको असतं. पैसे द्यायला निमित्त हवं असतं, आणि ज्या गरीब बाईने ते एकच लिंबू आणलेलं असतं तिची मान ताठ व्हावी, हेही त्याच्या मनात असतं.

बाहत्तर साली हा सण करायचा की नाही, यावर पंचांमध्ये वाद झाला. पीकच नाही तर अर्पण काय करायचं? पाळकसाहेब म्हणाले, करायचा. त्या दिवशी त्यांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचला: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात बैल नाही, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ज्यांचे गोठे खरोखरच रिकामे झाले होते, ज्यांनी बैल पाण्याच्या भावात विकले होते, त्यांच्यासमोर हे वाचायला धाडस लागतं. कापडी उपरण्याने डोळे पुसणारे पुरुष मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. वेदीपुढे लोकांनी काय ठेवलं होतं? खडी फोडून मिळालेल्या मजुरीतली नाणी, मिलोच्या पुरचुंड्या, आणि एका म्हाताऱ्याने आपला टिकाव. टिकाव संध्याकाळी परत नेला, दुसऱ्या दिवशी कामावर लागणार होता म्हणून.

पण एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. त्या उपकारस्तुतीत शरणागती नव्हती. दुष्काळ देवाने पाठवला, आता गप्प बसा, असं कोणी म्हटलं नाही. ज्या हातांनी स्तुती केली त्याच हातांनी तलाव खणले. आमच्याच जिल्ह्यात पुढे जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामाला आयुष्य दिलं. हा स्वित्झर्लंडमधून आलेला माणूस नगरच्या उघड्या डोंगरांवर चढून लोकांना सांगत होता की पाऊस कमी पडतो हे खरं, पण पडलेला तरी धरून ठेवा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणा, कुऱ्हाडबंदी करा, चराईबंदी करा, श्रमदान करा. १९९३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाची संस्थाही उभी राहिली. पावसाच्या थेंबाबद्दल देवाचे आभार मानायचे आणि तो वाहून जाऊ द्यायचा, हे दोन्ही एकत्र कसं चालेल?

आता जरा अवघड जागेकडे येते.

नगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातले आम्ही बहुतेक ख्रिस्ती महार-मांग वस्तीतून आलेले. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन बाजूंनी उपकारांची आठवण करून दिली जायची. गावचा पाटील म्हणायचा, आमच्या वाड्यावर वाढलात. मिशनच्या बंगल्यातून कधी कधी ऐकू यायचं, आम्ही तुम्हाला शिकवलं. शिकवलं हे खरंच. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांची मी ऋणी आहे, मी स्वतः तशाच एका दवाखान्यात नर्सिंग शिकले. पण कोणी समोर उभं राहून आभार मागू लागलं की माणसाची पाठ वाकते, आणि वाकलेल्या पाठीची सवय पिढ्यान्‌पिढ्या जात नाही. देवापुढे टेकलेले गुडघे आणि माणसापुढे वाकलेली पाठ यांची आमच्या लोकांत फार गल्लत झाली आहे.

म्हणून मला लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आधार देते. दहा बरे झाले, परत एकच आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका, हलका मानलेला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? या गोष्टीवर मी असंख्य उपदेश ऐकले आणि सगळ्यांत त्या नऊ जणांना झोडपलेलं ऐकलं. पण त्या नऊ जणांचं आरोग्य येशूने काढून घेतलं नाही. ते बरे झाले ते बरेच राहिले. आपापल्या घरी गेले, लेकरांना जवळ घेतलं. देवाचं देणं परतफेडीवर अवलंबून नाही, हे मला त्या नऊ जणांमुळे कळतं. आणि देणाऱ्याचं तोंड पाहायला परत येण्यात काय सुख आहे, हे त्या एकामुळे.

आणि म्हणूनच, जो देवाचा ऋणी आहे त्याने माणसांकडे न्याय मागताना संकोच करायचं कारण नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने गेली नाही. गावातही नाही आणि काही ठिकाणी चर्चच्या बाकांवरही नाही. यावर बोललं की आमच्यातलेच काही म्हणतात, जे मिळालं त्यात समाधान मानावं, कुरकुर करू नये. मला हे पटत नाही. पणजीने मूठ वेगळी काढली ती आपली भाकरी कमी करून. कोणी दुसऱ्याने तिच्या ताटातून उचलली असती तर ती गप्प बसली नसती. समाधान आपल्या वाट्याबद्दल असावं. अन्यायाबद्दलचं समाधान मी कुठल्याच शुभवर्तमानात वाचलेलं नाही.

पुण्यात मी एका मोठ्या रुग्णालयात अनेक वर्षं स्टाफ नर्स होते. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली सवय मी इथेही सोडली नाही: हँडओव्हर घ्यायच्या आधी वॉर्डच्या दाराशी क्षणभर थांबायचं आणि आज ज्यांच्याबरोबर काम आहे त्यांची नावं मनात घ्यायची. डॉक्टर, स्टाफ, मामा, मावशी. मावशींची नावं मी शोधून काढायची, कारण सगळे त्यांना फक्त 'मावशी' म्हणत. बेडपॅन देणारी, उलटी पुसणारी, मेलेल्या माणसाला शेवटचं स्वच्छ करणारी बाई ड्युटी संपवून बिननावाची घरी जाते, ही गोष्ट मला प्रार्थनेला बसू द्यायची नाही. उपकारस्मरणाची सुरुवात नावापासून करावी, असं मी नव्या मुलींना सांगायची.

दुसऱ्या लाटेतले दिवस मी जपून आठवते. ऑक्सिजनची नळी लावलेली माणसं, फोनवर दाखवलेली लेकरं, पीपीई किटमध्ये घामाने चिंब झालेल्या आम्ही. त्या दिवसांत बरं होऊन घरी जाणाऱ्यांचे नातेवाईक हात जोडून म्हणायचे, "देवानं आमच्या माणसाला वाचवलं, सिस्टर." मी त्यांच्या आनंदात आनंदी व्हायची. आणि पलीकडच्या बेडवरून ज्याला झाकून नेलं, त्याच्या मुलाने हे ऐकलं असेल का, या विचाराने घसा दाटायचा. मग त्याच्या वडिलांचा देव कुठे गेला होता?

याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि उत्तर असल्यासारखं बोलणाऱ्यांपासून मी दूर राहते. पण त्या दिवसांत एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून मानलेले आभार देवापर्यंत पोचत नसावेत. येशूच्या एका दाखल्यात मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, असेच आभार मानतो: देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार. लेकराला ताट संपवायला लावताना आपण सहज म्हणतो, बघ, रस्त्यावरच्या मुलांना हेही मिळत नाही, तू नशीबवान आहेस. रस्त्यावरच्या मुलाला जेवण नाही, यातून आपल्या लेकराने 'मी नशीबवान' एवढंच शिकावं? त्याने ताट अर्धं करायला शिकावं.

तसंच ईयोबाचं, बायबलमधल्या त्या भल्या माणसाचं, ज्याचं सगळं गेलं. देवाने दिलं, देवाने नेलं, त्याचं नाव धन्य असो: हे वचन आमच्याकडे प्रत्येक अंत्यविधीला म्हटलं जातं. ते ईयोबाने म्हटलं, स्वतःच्या दहा लेकरांच्या मातीवर. ज्याचं गेलं त्याने म्हटलं तर ते सोनं आहे. शेजाऱ्याने जाऊन त्याला ऐकवू नये. ईयोबाच्या मित्रांचीही सुरुवात बरी होती. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

आमच्या शेजारच्या काकूंच्या यजमानांना त्याच लाटेत आमच्या रुग्णालयात आणलं होतं. काकू नेमाने एकादशी करणाऱ्या, दर श्रावणात सत्यनारायण घालणाऱ्या. त्या पूजेचा प्रसाद आमच्या घरी यायचा आणि आम्ही तो घ्यायचो. यावरून मला मंडळीतल्या काही बहिणींनी टोकलंही आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं विश्वासणाऱ्याने खावं का, हा करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतला जुना प्रश्न. प्रेषित पौलाने त्यावर बराच मजकूर लिहिला आहे, आणि दुर्बळ विवेकाच्या भावाला ठेच लागेल तर खाऊ नये असंही त्यानेच लिहिलं आहे. ज्यांना घ्यावासा वाटत नाही त्यांचा मी मान राखते. पण काकूंनी शिरा करताना केळं घालून, साजूक तुपात भाजून, पहिली वाटी शेजारच्या ख्रिस्ती घरी पाठवली, तर मी ती दोन्ही हातांनी घेते, देवाचे आभार मानते आणि खाते. नाताळात माझ्या करंज्या त्यांच्याकडे जातात. काकू त्या आधी देवघरात ठेवतात, मग खातात.

काकांची तब्येत खालावली त्या रात्री काकूंचा फोन आला. "तुमच्या पद्धतीनं प्रार्थना करा. त्यांच्या उशाशी तुम्हीच आहात." मी केली. ग्लोव्हज घातलेला हात त्यांच्या कपाळावर ठेवून केली. काका पहाटे गेले.

मला वाटलं होतं, काकू आता माझ्याशी पूर्वीसारख्या बोलणार नाहीत. वर्षश्राद्धाच्या आधी त्याच आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर नातेवाईक झोपतात ना हो? आम्ही दोन रात्री तिथंच होतो. कोणीतरी आम्हाला भाकरी आणि ठेचा दिला होता. कोण ते कळलंही नाही. मला तेच करायचंय. ब्राह्मणभोजन नको." मग म्हणाल्या, "मला भाकरी थापता येत नाही. पोळ्या टिकत नाहीत. तुम्ही शिकवाल?"

त्यांना भाकरी शिकवायला बराच काळ गेला. पीठ गरम पाण्यात मळायचं, तळव्याने रगडायचं, चिरा पडू द्यायच्या नाहीत. आता दर गुरुवारी आम्ही दोघी माझ्या ओट्यावर थापतो. मी सुरुवातीला डोळे मिटून चार शब्द म्हणते, त्या हात जोडून उभ्या राहतात, त्यांचं त्या मनात म्हणतात. ठेचा त्यांच्या घरून येतो, त्यात शेंगदाणे जास्त असतात कारण तेवढंच पोटाला. रुग्णालयातल्या दोन मावशी ड्युटी संपल्यावर वाटायला मदत करतात. कोणाचं माणूस आयसीयूत आहे आणि कोण सकाळपासून उपाशी आहे, हे त्यांना नेमकं माहीत असतं.

कधी पुरतं, कधी फुटपाथवर माणसं जास्त निघतात आणि भाकरी अर्धी-अर्धी करावी लागते. मालदांडी ज्वारी यंदा फार महागली, म्हणून थंडीत आम्ही निम्मी बाजरी घातली. उन्हाळ्यात बाजरी चालणार नाही, उष्ण पडते. गावाकडे भावाला फोन केलाय. त्याच्याकडे या वेळी जोंधळा बरा झालाय आणि सुगीच्या लिलावातलं एक पोतं घेऊन ठेवतो म्हणाला. पैसे काकू देणार की मी, यावरून आमचं अजून ठरलेलं नाही.